विश्वाच्या वहीतील उरलेला फरक

वर्षअखेर जवळ आली की पेढीवर खात्यांचा ताळमेळ घेण्याचे काम सुरू होते. संगणकाने कीर्द आणि खतावणी आपल्या पोटात घेतली, तरी समोरच्या आसामीकडून आलेला उतारा आपल्या शिलकेशी जुळला पाहिजे, हा दंडक अजून सुटलेला नाही. तो जुळला नाही, तर फरक लाखाचा आहे की रुपयाचा, हे जुन्या काळचे मुनीम पाहत नसत. एका रुपयाच्या फरकाआड एकमेकांना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका दडलेल्या असू शकतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे. अशा फरकाची कारणे सामान्यतः तीन असतात. एखादी नोंद मुळातच राहून गेलेली असते. नोंद झालेली असते, पण ती भलत्याच खात्यावर चढलेली असते. किंवा बेरीज-वजाबाकीत हात चुकलेला असतो. अनुभवी माणूस ही तिन्ही कारणे एकेक करून तपासतो आणि तोवर फरकाची रक्कम उचंत खात्यात उघडपणे दाखवून ठेवतो. फरक लपविणे हा मात्र पेढीवरचा अक्षम्य अपराध समजला जातो.

पदार्थविज्ञानाच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात एका अतिसूक्ष्म कणाच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार घडून गेले आहेत. त्या कणाचे नाव न्यूट्रिनो. त्याला विद्युत्‌भार नाही. त्याचे वजन इतके कमी की ते अद्याप कोणालाही मोजता आलेले नाही. आणि संख्येने मात्र तो अपार आहे. सूर्याच्या गाभ्यातून निघालेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार जातात. दिवसा ते डोक्यावरून येतात. रात्री सगळी पृथ्वी भेदून पायांखालून येतात. शरीराला त्याची जाणीवही होत नाही. अशा या अलिप्त कणाभोवती आजच्या विज्ञानातील काही सर्वांत मोठे अनुत्तरित प्रश्न गुंफलेले आहेत, आणि त्यांतला एक प्रश्न थेट आपल्या अस्तित्वाचा आहे.

राहून गेलेली नोंद

विसाव्या शतकाच्या आरंभी किरणोत्सर्गाचा अभ्यास जोरात चालू होता. काही मूलद्रव्यांच्या अणुगर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि त्या मूलद्रव्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होते. रूपांतरापूर्वीची ऊर्जा ठाऊक, नंतरची ऊर्जाही ठाऊक. तेव्हा जितकी घट झाली तितकी ऊर्जा बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनजवळ असावयास हवी. उत्पत्तीतून खर्च वजा केला की शिल्लक ठरावी, इतका हा हिशेब सरळ होता. परंतु १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांच्या प्रयोगात निराळेच दिसले. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एकसारखी नव्हती. एखाद्याजवळ जवळपास सगळी रक्कम असे, दुसऱ्याजवळ निम्मी, तिसऱ्याजवळ नगण्य. पुढे १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर या शास्त्रज्ञांनी बाहेर पडणारी उष्णता प्रत्यक्ष मोजली. अपेक्षित कमाल ऊर्जेच्या सरासरी एकतृतीयांशच ऊर्जा हाती लागत होती. उरलेली दोनतृतीयांश कोठे जात होती?

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा पदार्थविज्ञानाचा पाया. तरीही नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने असा विचार मांडला की, अणुगर्भाच्या पातळीवर हा नियम प्रत्येक घटनेत पाळला जात नसेल. पुष्कळ घटनांची सरासरी काढल्यावरच तो लागू पडत असेल. म्हणजे फरक निघाला म्हणून हिशेबाचा नियमच सैल करावा, असा तो सल्ला होता.

वोल्फगांग पाउली या तिशीतल्या शास्त्रज्ञाला तो मानवला नाही. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी झुरिकहून ट्युबिंगेन येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेस एक पत्र पाठविले. त्यात त्यांनी सुचविले की, इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण बाहेर पडत असावा. तो विद्युत्‌भाररहित असल्याने उपकरणांना दिसत नसावा, आणि हरवलेली ऊर्जा तोच घेऊन जात असावा. आपला हा उपाय अगतिकतेतून आलेला आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. नियम खरा मानायचा, तर वहीत एक नोंद राहून गेली आहे असे समजणे भाग होते. पुढे इटलीतील एन्रिको फर्मी यांनी या कणाला पक्के गणिती रूप दिले आणि ‘लहानगा उदासीन’ अशा अर्थाचे न्यूट्रिनो हे इटालियन नाव रूढ झाले.

अडचण एवढीच होती की, ही नोंद सिद्ध कशी करायची? न्यूट्रिनो कशातच अडकत नाही. एक प्रकाशवर्ष जाडीची शिशाची भिंत उभी केली, तरी सूर्याकडून येणारे जवळपास निम्मे न्यूट्रिनो तिच्यातून सहज पार होतील, असा अंदाज आहे.

शेवटी उपाय सापडला तो संख्येच्या बळावर. कणांची संख्या अफाट असेल, तर त्यांतला एखादा कधीतरी अडकणारच. अणुभट्टीतून असे कण अगणित बाहेर पडतात. अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ, जमिनीखाली १२ मीटरवर, फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांनी कॅडमियमयुक्त पाण्याच्या टाक्या ठेवल्या. न्यूट्रिनोचा प्रतिकण प्रोटॉनवर आदळला, तर दोन गोष्टी घडावयास हव्या होत्या: प्रथम एक प्रकाशाची चमक, आणि काही मायक्रोसेकंदांनी दुसरी. एकच चमक दिसली तर ती अन्य कशाचीही असू शकते. दोन्ही ठरलेल्या अंतराने दिसल्या तरच ती न्यूट्रिनोची खूण. व्यापाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटावी, कारण दुहेरी नोंदीचेच हे तत्त्व आहे. तासाला सुमारे तीन अशा जोडनोंदी मिळू लागल्या. जून १९५६ मध्ये पाउली यांना तार गेली. राहून गेलेली नोंद सव्वीस वर्षांनी सापडली होती.

भलत्या खात्यावर चढलेली रक्कम

दुसरा फरक सूर्याच्या खात्यात निघाला. सूर्य किती उष्णता देतो हे ठाऊक असल्याने त्याच्या गाभ्यात किती न्यूट्रिनो तयार होत असतील, हे गणिताने काढता येते. जॉन बाकॉल यांनी ते गणित मांडले. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, ३ लाख ८० हजार लिटरची एक टाकी बसविली. तीत कपडे धुण्याच्या लाँड्रीत वापरतात तो क्लोरीनयुक्त द्रव भरला. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला की त्याचा आर्गॉन होतो. ते आर्गॉनचे मोजके अणू काही आठवड्यांनी टाकीतून वेगळे काढून मोजायचे. एवढ्या प्रचंड टाकीतून दोन-चार डझन अणू शोधायचे, म्हणजे धान्याच्या कोठारातून ठरावीक दाणे वेचण्याहूनही बिकट काम होते.

गणिताप्रमाणे दिवसाला सुमारे दीड अणू मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात दोन दिवसांना एक मिळाला. वसुली एकतृतीयांशच. १९६८ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पुष्कळांना वाटले की डेव्हिस यांची मोजणी चुकली असावी. काहींना वाटले की बाकॉल यांचे गणित चुकले असावे. दोघांनीही आपापले काम पुनःपुन्हा तपासले. फरक हलला नाही. ही तपासणी थोडीथोडकी नव्हे, तीस वर्षांहून अधिक काळ चालली.

उलगडा झाला तो निराळ्याच दिशेने. न्यूट्रिनोचे प्रकार तीन आहेत: इलेक्ट्रॉनचा सोबती, म्यूऑनचा सोबती आणि टाऊचा सोबती. सूर्यात फक्त पहिला प्रकार तयार होतो, आणि डेव्हिस यांच्या टाकीत फक्त तोच ओळखू येत होता. कॅनडातील सडबरी येथील निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खोलीवर, १,००० टन जड पाणी भरलेली एक वेधशाळा उभारली गेली. तिला दोन प्रकारची मोजणी करता येत असे: पहिल्या प्रकारच्या न्यूट्रिनोंची वेगळी, आणि तिन्ही प्रकारांची मिळून एकत्र. २००१ आणि २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पहिला प्रकार एकतृतीयांशच होता; पण तिन्हींची बेरीज बाकॉल यांच्या गणिताशी जुळत होती. रक्कम बुडालेली नव्हती. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येताना ती दुसऱ्या दोन खात्यांवर वर्ग झाली होती. त्याआधी १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या वेधशाळेने वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या बाबतीतही असाच खातेबदल दाखवून दिला होता. दोघेही बरोबर होते. गणित करणाराही आणि मोजणी करणाराही. डेव्हिस यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.

या खातेबदलाचा एक मोठा परिणाम झाला. गणित सांगते की, न्यूट्रिनोला वजन असल्याशिवाय त्याला आपला प्रकार बदलता येत नाही. मूलकणांविषयीचा जो सर्वमान्य सिद्धान्त आहे, त्यात मात्र न्यूट्रिनो वजनरहित मानलेला होता. म्हणजे पेढीचा नियमग्रंथच एका ठिकाणी अपुरा ठरला. तो कसा पुरा करायचा, याचे एकमत आजही झालेले नाही.

हात चुकला तेव्हा

तिसरा प्रकार ताजा आहे. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील ऑपेरा या प्रयोगगटाने जाहीर केले की, जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेतून निघून ७३० किलोमीटरवरील इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत पोहोचणारे न्यूट्रिनो प्रकाशाहून सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर येत आहेत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. फरक इतका अल्प, पण तो खरा ठरता तर आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तालाच धक्का बसला असता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तसे मथळेही छापले.

प्रयोग करणाऱ्यांनी स्वतः मात्र सावध भाषा वापरली होती. आपल्याला चूक सापडत नाही, इतरांनी ती शोधावी, असे त्यांनी सांगितले होते. काही महिन्यांतच कारण सापडले. वेळेचा संकेत वाहून नेणारी प्रकाशतंतूची एक तार नीट बसलेली नव्हती. पुढच्या मोजण्यांत न्यूट्रिनोचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळता निघाला. त्या वेळी काहींनी त्या शास्त्रज्ञांची थट्टा केली. परंतु निघालेला फरक दडवून न ठेवता सर्वांसमोर मांडणे आणि चूक सापडल्यावर तीही तितक्याच उघडपणे सांगणे, यातच त्या पद्धतीची प्रतिष्ठा आहे.

कोलारच्या खाणीतील नोंद

या कथेतील एक महत्त्वाचे पान भारतात लिहिले गेले आहे. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत वैश्विक किरणांचा अभ्यास करीत होते. जितके खोल जावे तितके वरून येणारे इतर कण कमी होत जातात, आणि सर्वांत खोल पातळीवर तर उपकरणे आठवडेच्या आठवडे मूक राहू लागली. इतर कोणासाठी ती निराशेची गोष्ट ठरली असती. या शास्त्रज्ञांनी मात्र ओळखले की, इतकी शांत जागा न्यूट्रिनोची चाहूल घेण्यास योग्य आहे.

एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन आणि व्ही. एस. नरसिंहम् यांच्यासह भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या गटाने दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे लावली, आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची नोंद केली. त्याच सुमारास राइन्स यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत हेच यश मिळविले. दोन्ही गटांचे निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. निसर्गतः उत्पन्न झालेल्या न्यूट्रिनोची मानवाने घेतलेली ही पहिली नोंद. पुढे १९८० च्या दशकात त्याच खाणीत आणखी एक प्रश्न तपासला गेला: प्रोटॉन हा कण अमर आहे की कालांतराने तोही विलय पावतो? त्याचे उत्तर आजही मिळालेले नाही. जपानमधील मोजण्यांवरून एवढे म्हणता येते की, प्रोटॉनचे आयुष्य असलेच, तर ते एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे. कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली.

वजन किती, आणि जोडीदार कोण?

आज उघडे असलेले प्रश्न कोणते? पहिला वजनाचा. खातेबदलाच्या मोजणीवरून तीन न्यूट्रिनोंच्या वजनांमधील तफावतीचा अंदाज येतो, पण एकाचेही वजन कळत नाही. तीन भावांच्या उंचीतील फरक ठाऊक असावा आणि त्यांतल्या कोणाचीच उंची ठाऊक नसावी, तसे हे झाले. तिघांत सर्वांत जड कोण, हेही निश्चित नाही. जर्मनीतील कार्ल्सरुह येथील कॅट्रिन प्रयोग हे वजन करू पाहतो आहे. २०० टनांचे त्याचे मुख्य पात्र सुमारे ४०० किलोमीटरवरच्या गावात बनले. पण ते रस्त्याने नेण्याजोगे नसल्याने २००६ मध्ये डॅन्यूब नदी, काळा समुद्र, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर असा सुमारे ९,००० किलोमीटरचा वळसा घालून आणावे लागले. इतक्या अवाढव्य काट्यावर आतापर्यंत एवढेच ठरले आहे की, न्यूट्रिनोचे वजन इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. सराफाच्या काट्याला गुंज पुरते. येथे गुंजही पर्वतासारखी ठरेल.

दुसरा प्रश्न न्यूट्रिनोच्या स्वरूपाचा. प्रत्येक मूलकणाला विरुद्ध भाराचा एक प्रतिकण असतो. इलेक्ट्रॉन ऋणभारित, तर त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन धनभारित. दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि प्रकाशरूप ऊर्जा मागे उरते. न्यूट्रिनोला भारच नाही. मग तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल काय? एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये असा कण शक्य असल्याचे दाखविले. दुसऱ्याच वर्षी, पालेर्मो ते नेपल्स या प्रवासात, तो तरुण शास्त्रज्ञ बेपत्ता झाला. तो माणूसही सापडला नाही आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही अद्याप सापडलेले नाही. जर्मेनियम, झेनॉन अशा मूलद्रव्यांत एका अतिदुर्मीळ विघटनाचा शोध घेऊन ते मिळविण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत.

अब्जातला एक

या दोन प्रश्नांच्या मुळाशी तिसरा आणि सर्वांत गहन प्रश्न आहे. प्रयोगशाळेत ऊर्जेचे रूपांतर द्रव्यात होते, तेव्हा कण आणि प्रतिकण नेहमी जोडीनेच जन्मतात. जमा आणि नावे सारखीच. विश्वाच्या आरंभीच्या अतितप्त अवस्थेतही असेच घडले असले पाहिजे. मग सर्व कण आणि सर्व प्रतिकण एकमेकांना भेटून संपावयास हवे होते. खाते शून्यावर बंद व्हावयास हवे होते, आणि मागे केवळ प्रकाश उरावयास हवा होता.

तसे झाले नाही. प्रत्येक १०० कोटी प्रतिकणांमागे कणांची संख्या साधारणतः १०० कोटी आणि एक अशी होती. शंभर कोटी शंभर कोटींशी फिटले, आणि उरलेल्या त्या एकातून तारे झाले, दीर्घिका झाल्या, समुद्र, पर्वत, वृक्ष आणि देह झाले. याचा पुरावा आजही आकाशात आहे. विश्वात प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या प्रत्येक कणामागे सुमारे १६० कोटी प्रकाशकण आढळतात. फिटलेल्या त्या प्रचंड हिशेबाची ती उरलेली रक्षा आहे.

हा एकाचा फरक पडला कसा, हे कोणालाच ठाऊक नाही. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात किंचित असमानता आहे, हे १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी दाखविले. १९६७ मध्ये रशियातील आंद्रेई साखारोव्ह यांनी असा फरक उत्पन्न होण्यास कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतील, हे मांडले. परंतु आजवर मोजलेली असमानता या फरकाचे कारण म्हणून फारच अपुरी पडते. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी न्यूट्रिनोकडे वळली आहे. न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण निरनिराळ्या प्रमाणात खातेबदल करीत असतील, तर आरंभीच्या असमतोलाचा माग तेथे लागू शकेल. जपानमधील एका प्रयोगाने २०२० मध्ये तसे संकेत दिले. पण संकेत म्हणजे निर्णय नव्हे. तो निर्णय करण्यासाठी जपानमध्ये आणखी मोठी वेधशाळा उभी राहत आहे, आणि अमेरिकेत १,३०० किलोमीटरवर न्यूट्रिनो धाडण्याचा प्रकल्प चालू आहे. त्याचे दुसरे टोक डेव्हिस यांनी जेथे टाकी बसविली होती, त्याच होमस्टेक खाणीत आहे. चीनमधील जुनो ही वेधशाळा २०२५ मध्ये कार्यान्वित झाली असून तीन भावांतील जड कोण, हे ती शोधणार आहे.

परमाणू: एक शब्द, दोन शास्त्रे

जैन वाचकाच्या मनात या ठिकाणी एक विचार येणे स्वाभाविक आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल द्रव्याचा विचार आला आहे. अणू आणि स्कंध असे त्याचे भेद, स्निग्ध आणि रूक्ष गुणांनी होणारा परमाणूंचा बंध, ही मांडणी प्राचीन भारतीय चिंतनातील एक तेजस्वी शिखर आहे. पण त्यावरून ‘न्यूट्रिनो म्हणजे आमचाच परमाणू’ असे म्हणण्याची घाई करू नये.

या घाईचे फळ एकदा दिसून आलेले आहे. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे ईथर नावाचे माध्यम सर्वत्र भरले आहे, असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई. गतीला उदासीनपणे साहाय्य करणारे आपले धर्मद्रव्य म्हणजेच हे ईथर, असे काही अभ्यासकांनी मोठ्या उत्साहाने लिहिले. परंतु १८८७ च्या मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नव्हता, आणि १९०५ मधील आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताला त्याची गरजच उरली नाही. विज्ञानाने ईथर सोडून दिले. धर्मद्रव्याची संकल्पना मात्र आपल्या जागी आहे, कारण तिचा आधार प्रयोगशाळा हा कधीच नव्हता. शास्त्राचे प्रयोजन आत्म्याचे बंधन आणि मोक्ष. प्रयोगशाळेचे प्रयोजन दृश्य जगाचे मोजमाप. एकाच्या वहीतील शिल्लक दुसऱ्याच्या वहीत ओढली, तर दोन्ही वह्या बिघडतात.

मात्र एक गोष्ट दोहोंकडे समान आहे, आणि ती म्हणजे विधान करताना पाळावयाची मर्यादा. अनेकांतदृष्टी सांगते की, वस्तू अनंतधर्मात्मक आहे, आणि कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले, हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. शास्त्रज्ञही आपला प्रत्येक निष्कर्ष त्याच्या अनिश्चिततेच्या प्रमाणासह लिहितो. ‘वजन अमुक आहे’ असे न म्हणता ‘वजन अमुकाहून अधिक नाही’ एवढेच म्हणतो. जितके पाहिले तितकेच बोलावे, हा संयम दोन्हीकडे आदरणीय मानला गेला आहे.

उपयोगाचा प्रश्न आणि थेनीचा डोंगर

व्यापारी घरात यापुढचा प्रश्न सहजच निघतो: या सगळ्याचा उपयोग काय? प्रामाणिक उत्तर असे की, न्यूट्रिनोचा बाजारात विकता येईल असा उपयोग आज नाही. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा त्याचाही नव्हता. आज पेढीवरचा संगणक आणि खिशातला मोबाइल त्याच्यावरच चालतो. पण प्रत्येक शोधाचे असेच होईल, अशी हमी कोणी देऊ नये. काही कामे ताळा जुळावा म्हणूनच केली जातात.

कोलारनंतर भारतात न्यूट्रिनो वेधशाळा पुन्हा उभी राहावी, यासाठी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील बोडी पश्चिम टेकड्या निवडण्यात आल्या. ५०,००० टन लोखंडाचे उपकरण डोंगराच्या पोटात बसविण्याच्या, सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०१५ च्या आरंभी मान्यता दिली. मात्र स्थानिकांचा विरोध, पर्यावरणविषयक परवानग्या आणि राज्य सरकारचा नकार यांत तो अडकून पडला. त्याची खंत वाटणे साहजिक आहे. तरी पश्चिम घाटाच्या त्या भागातील वने, पाणी आणि वन्यजीव यांची चिंता करणाऱ्यांना ज्ञानाचे शत्रू ठरविणे जीवदया मानणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. आणि न्यूट्रिनोमुळे गावात किरणोत्सर्ग पसरेल, अशी निराधार भीती घालणेही सत्याला धरून नाही. ज्ञानाची ओढ आणि जीवसृष्टीची काळजी या दोन्ही बाजूंनी पुरी माहिती समोर ठेवून बोलणी झाली असती, तर कदाचित वेगळी वाट निघाली असती.

दरम्यान भारतीय शास्त्रज्ञ अमेरिकेतील प्रकल्पात सहभागी आहेत. त्यात काम करणाऱ्या अनेक तरुणांच्या हयातीतच न्यूट्रिनोच्या वजनाचा प्रश्न कदाचित सुटेलही, पण तशी खात्री देता येत नाही. मायोरानाच्या प्रश्नाचे आणि त्या अब्जातल्या एकाचे उत्तर कधी मिळेल, हे कोणी सांगू शकत नाही. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर विज्ञानाकडे वळली आणि पेढीऐवजी अशा प्रयोगशाळेत जाऊ म्हणाली, तर तिने घराण्याचा धंदा सोडला, असे समजण्याचे कारण नाही. हिशेबाचा फरक दिसला की तो सापडेपर्यंत वही मिटायची नाही, हेच वळण ती पुढे चालवीत असेल. फरक एवढाच की तिच्या वहीतली अनेक खाती तिच्या नातवंडांच्या काळापर्यंत उघडी राहतील, आणि ती तशी उघडी ठेवण्यातच तिच्या कामाचा प्रामाणिकपणा असेल.